मार्लिसच्या शर्टाची शेपटी

माझी बायको मार्लिस एप्रिलमध्ये गेली. सप्टेंबरात मी तिच्या शिकारीच्या मचाणासमोरची फांदी छाटायला जंगलात गेलो, तेव्हा गॉर्डीचा जावई शिडीवर उभा राहून फीत लावून मचाण मोजत होता.

हॉस्पिटलात तिचं शेवटचं धड बोलणं या फांदीबद्दलच झालं होतं. डोळे मिटलेलेच होते. म्हणाली, "रूडी, माझ्या सीडरची डावीकडची फांदी खाली आलीय. छाटायला हवी." मी म्हणालो, छाटतो. नंतर ती बरंच काही बोलली, पण त्यातलं समजण्यासारखं काही नव्हतं. म्हणून मी ती फांदीच धरून बसलो होतो. उन्हाळाभर जमलं नाही. सप्टेंबरात करवत घेऊन गेलो.

"काय रे किप," मी खालून म्हणालो, "बंगला बांधतोयस का?"

तो इतका दचकला की फीत हातातून सुटली आणि माझ्या पायाशी येऊन पडली.

"अरे रूडी! जीव घेतलास की. खुर्ची बसते का बघत होतो. फिरती आहे, पाठीला आधारवाली."

"कुणाची खुर्ची?"

"माझी," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून त्याचा चेहरा बदलला. "म्हणजे... गॉर्डी बोलला नाही तुझ्याशी?"

"नाही."

"मला वाटलं बोलला असेल."

मी फीत गुंडाळून त्याच्या हातात दिली. फांदी छाटली. तो शिडी धरायला आला, त्याला म्हणालो, हात लावू नकोस. मग तसाच गाडीत बसून गॉर्डीकडे गेलो.

आमचा कॅम्प म्हणजे जंगलात एक लाकडी खोपी, एक चूल, आठ बिछाने आणि बाहेर संडास. इथे वरच्या मिशिगनमध्ये नोव्हेंबरच्या पंधरा तारखेला हरणांचा हंगाम उघडतो, तेव्हा गावातली शाळासुद्धा बंद असते. कॅम्प गॉर्डी पेनहेलच्या बापानं बांधला. प्रत्येक सभासदाची जंगलात आपली जागा असते. मार्लिसची जागा ओढ्याकाठच्या सीडरवर. ते मचाण तिनं आणि तिच्या बापानं बांधलं होतं. बाप गेल्यावर ती त्यावर एकटी बसायला लागली, तेव्हा कॅम्पात बाई नको म्हणून बरीच कटकट झाली. ती बसली ती बसलीच. मी स्वतः कधी शिकार केली नाही. आयुष्यभर शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केल्या. आमच्या घरात हरीण ती आणायची, मी मटण कागदात बांधून फ्रीजरमध्ये ठेवायचो.

गॉर्डी अंगणात लाकडं रचत होता. पंचाहत्तरी उलटून गेली तरी माणूस अजून ओंडक्यासारखा आहे. माझा मेव्हणा डुएन, म्हणजे मार्लिसचा धाकटा भाऊ, त्याला लाकडं देत होता. मला बघून डुएननं मान खाली घातली. त्यावरूनच कळलं की त्याला माहीत होतं.

"किपला मोजमाप नीट घेता येत नाही," मी म्हणालो. "तू जायला हवं होतंस."

गॉर्डीनं हातमोजे काढले. "मी येणार होतो तुझ्याकडे. बोलायला."

"कधी? खुर्ची बसवल्यावर?"

"हे बघ रूडी. तिच्या नावाची पाटी लावणार आहोत झाडावर. पितळेची. सगळ्यांनी मिळून ठरवलंय."

"आणि पाटीखाली तुझा जावई फिरत्या खुर्चीत फिरणार."

"पहिल्या सकाळी जी जागा रिकामी, ती दुसऱ्याला. नियम मी केलेला नाही, माझ्या बापानं केलाय."

"मग रिकामी राहणार नाही."

"कोण बसणार?"

"मी."

डुएनला हसू आलं आणि त्यानं ते खोकल्यात लपवलं. "रूडी, तुमची मांजर मेली तेव्हा पुरायला तू मला बोलावलं होतंस."

"मांजर माझी होती. हरीण माझं नाही."

गॉर्डी हसला नाही. तो ओंडक्यावर बसला आणि मला समजावायला लागला, लहान पोराला समजावतात तसं. "बसायचंय ना तुला? बस. या वर्षी शिकाऊ परवाना काढ. त्याला परीक्षा नाही, वर्ग नाही. फक्त जाणता माणूस शेजारी लागतो. मी बसतो तुझ्या शेजारी. दोघं बसू, तिची आठवण काढू."

"म्हणजे जागेवर तू बसलास, आणि मी तुझा पाहुणा."

"तू पाहुणाच आहेस रे. भिंतीवर तुझं काय आहे?"

हे भिंतीचं आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. खोपीची मागची भिंत. सभासद तो, ज्याचं काहीतरी त्या भिंतीवर आहे. हरीण मारलं तर शिंगं लागतात. नेम चुकला तर शर्टाची शेपटी, म्हणजे मागे लोंबणारा भाग, कात्रीनं कापून खिळ्यानं ठोकतात. शेजारी नाव आणि साल लिहितात. वर्षानुवर्षं माणसं जेवताना त्या फडक्यांकडे बघून एकमेकांची टिंगल करतात. पाहुण्याचा शर्ट कापत नाहीत. त्यानं दहा वेळा नेम चुकवला तरी त्याला कॉफी देतात आणि पाठीवर थाप मारतात.

"मार्लिसचं आहे भिंतीवर," मी म्हणालो. "शिंगंही आहेत."

"शिंगं आहेत, मान्य. म्हणून तर तिला कुणी उठवलं नाही. पण शेपटी तिनं स्वतः कापली. कॅम्पानं नाही कापली, म्हणजे कॅम्पानं तिला कधी आपलं म्हटलं नाही." गॉर्डीनं हे असं सांगितलं, जणू इतकी वर्षं तो हे जपून बसला होता. "जागा तिच्यापुरती होती, रूडी. तिच्याबरोबर संपली."

ती शेपटीची गोष्ट मला ठाऊक होती. पहिल्या वर्षी तिचा नेम चुकला. संध्याकाळी सगळे जमले. कात्री निघाली आणि गॉर्डी म्हणाला, जाऊ द्या, बाईमाणसाचा शर्ट काय कापायचा. मार्लिसनं त्याच्या हातातून कात्री घेतली, हात पाठीमागे नेऊन आपणच कापली आणि कुऱ्हाडीच्या तुंब्यानं खिळा ठोकला. वाकडा लागला. अजून वाकडाच आहे. घरी आली तेव्हा शर्ट मागून आखूड झालेला आणि ती शिट्टी वाजवत होती. तोच लाल-काळ्या चौकड्यांचा लोकरी शर्ट ती पुढे दर वर्षी घालायची. मी म्हणायचो नवा घे, पाठीला वारा लागेल. ती म्हणायची, लागू दे.

"मी पूर्ण परवाना काढतो," मी गॉर्डीला म्हणालो. "शिकाऊ नाही. आणि एकटा बसतो."

"लवकर काढ मग," गॉर्डी म्हणाला आणि हातमोजे चढवले.

परवाना बेवच्या दुकानात मिळतो. बेव दुकानही चालवते आणि शिकारीच्या सुरक्षेचा वर्गही तीच घेते. दुकानात मागे मासे पकडायचं सामान, पुढे बंदुका आणि मध्ये कॉफी. मी काय हवंय ते सांगितलं. तिनं चष्मा वर सरकवून माझ्याकडे पाहिलं.

"जन्मसाल?"

सांगितलं.

"थोडा आधी जन्मला असतास तर वर्गातून सुटला असतास. आईला घाई करायला सांगायला हवं होतंस. आता बस पोरांबरोबर."

बसलो. सगळा वर्ग शाळकरी पोरांचा. बंदूक कायम भरलेलीच आहे असं समजायचं. नळी कुणाकडे वळवायची नाही. मागे काय आहे ते दिसल्याशिवाय गोळी सोडायची नाही. कुंपण ओलांडताना आधी बंदूक रिकामी करायची. पोरं भराभर उत्तरं द्यायची. मी हात वर करून उत्तर दिलं की एक मुलगी मागे वळून माझ्याकडे असं बघायची, जणू मी कॉपी केलीय. परीक्षेला तिचा एक गुण जास्त आला. जाताना तिनं तो मला सांगितला.

बेवनं सर्टिफिकेट दिलं, परवाना छापून दिला आणि हरणाच्या पायाला बांधायचा टॅगही दिला. तो टॅग मी परवान्यात घडी करून ठेवला. ती म्हणाली, "आता सामान. काय काय घ्यायचं ठरवलंस?"

तेवढ्यात किप आला. त्याच्या हातात भलीमोठी टोपली. माणसाचा वास मारणारा फवारा, वास मारणारा साबण, वास मारणारी टोपी, बॅटरीवर गरम होणारं जाकीट, आणि हरणिणीची हाक काढणारं एक यंत्र.

"तू पण घे रूडी," तो म्हणाला. "हरणाला तुझा वास शेजारच्या तालुक्यातून येतो."

"शेजारच्या तालुक्यात माझं काही काम नाही," मी म्हणालो.

बेवनं किपचं सगळं निमूट मशीनवर लावलं. तो गेल्यावर ती माझ्याकडे वळली. "जाकीट चालताना खसखस करतं. दहाव्या पावलाला सगळं जंगल जागं होईल. फवाऱ्यानं काही होत नाही, वारा बघून बस म्हणजे झालं. तुला काय लागतं सांगते. लोकर. आतून, बाहेरून, पायात. लोकर ओली झाली तरी ऊब देते आणि आवाज करत नाही. बूट एक नंबर मोठे, दोन मोजे बसतील असे. घट्ट बुटात पाय आधी गोठतो. वरून भगवं जाकीट आणि भगवी टोपी, ते तर कायद्यानंच आहे. सुरी लहान. मोठ्या सुऱ्या सिनेमात चालतात. दोरी. थर्मास. आणि लघवीला एक बाटली, हसू नकोस."

"हसत नाही."

"मचाणावर चढताना रायफल खांद्याला लावायची नाही. रिकामी करून दोरीला बांध, आधी स्वतः चढ, पट्टा बांध, मग दोरीनं वर ओढ. आमच्याकडे माणसं हरणापेक्षा शिडीवरून जास्त पडतात."

"तिची दोरी तिथेच आहे."

"तिची रायफल घेणार?"

"तिचीच."

"तिला दुर्बीण नाही. नळीच्या टोकावरच्या मण्यानं नेम धरायचा."

"मला माहीत आहे. वर्षानुवर्षं मीच पुसत आलोय ती."

मग रोज संध्याकाळी मी खाणीच्या जुन्या खड्ड्यात जाऊन पुठ्ठ्यावर नेम धरायला लागलो. बेव दोनदा बघायला आली. पहिल्यांदा म्हणाली, चाप ओढतोस की बसचा दरवाजा? दुसऱ्यांदा गोळ्यांची भोकं एका थाळीएवढ्या जागेत मावायला लागली होती. तिनं मान डोलावली आणि म्हणाली, "जमिनीवर ठीक. पण तू वर बसणार. वरून मारलं की गोळी नेहमी उंच जाते. तुला वाटतं त्याहून खाली धर. सगळे नवे लोक इथेच चुकतात."

मी म्हणालो, लक्षात ठेवतो.

कपड्यांत एकच गोष्ट मी बेवला विचारली नाही. मार्लिसचे बाकीचे कपडे मी चर्चला देऊन टाकले होते. तो चौकड्यांचा शर्ट ठेवला होता. ती खांद्यांत रुंद होती, त्यामुळे मला तो थोडा सैलच होतो. त्याला सीडरचा, चुलीच्या धुराचा आणि तिचा वास आहे. मी तो धुतला नाही. हरणाला आला वास तर येऊ दे. त्या ओढ्याला तो वास सवयीचा होता.

पंधरा तारखेला उजाडायच्या आधी मी मचाणाशी पोचलो. पायाखाली बर्फ मऊ होता, वारा ओढ्याकडून माझ्याकडे. दोरी होती तिथेच. तिला मार्लिसनं मारलेल्या गाठी होत्या, मोज्यातल्या हाताला धरता याव्यात म्हणून. रायफल बांधली, चढलो, पट्टा बांधला, ओढून घेतली, गोळ्या भरल्या. फळीवर तिच्या थर्मासच्या गोल खुणा होत्या. कोपऱ्यात पेपरमिंटच्या कागदांनी भरलेला कॉफीचा डबा. एवढे कागद! मला घरी म्हणायची, गोड सोडलंय.

दूर कुठेतरी पहिले बार झाले. दुसऱ्या कॅम्पांचे. मग शांत. मला वाटलं होतं तिथे बसलो की रडू येईल. आलं नाही. थंडी इतकी होती की फक्त थंडीच होती. पाठीला, शर्ट जिथे आखूड होता तिथे, वारा लागत होता. लागू दे, मी म्हणालो. मोठ्यानं म्हणालो असेन, कारण एक खार ओरडून पळाली.

नर आला तो छाटलेल्या फांदीच्या बाजूनंच. फांदी असती तर दिसला नसता. आधी मला वाटलं झाडाचं खोड हललं. मग शिंगं दिसली. आठ टोकं. तो थांबला, ओढ्याकडे मान वळवली आणि त्याची सगळी बगल माझ्यासमोर आली. मी रायफल उचलली. हृदय इतकं जोरात धडधडत होतं की नळी प्रत्येक ठोक्याला उडत होती. मणी त्याच्या खांद्यामागे आणला. मागे काय आहे ते पाहिलं, टेकाड होतं. श्वास सोडला. सगळं वर्गात शिकवलं तसं केलं आणि एकच गोष्ट विसरलो. खाली धरायचं विसरलो.

बार झाला. नरानं शेपूट पांढऱ्या रुमालासारखं वर केलं आणि दोन उड्यांत गेला.

खाली उतरण्याआधी थांबायचं असतं. जखमी असेल तर जवळच बसतो, घाई केली तर उठून लांब पळतो. थांबलो. मग रायफल रिकामी करून दोरीनं खाली सोडली, उतरलो आणि बर्फ पाहायला लागलो. थेंब नाही, केस नाही. त्याच्या पावलांमागे टेकाडापलीकडे गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. उड्या सरळ, दमदार. मग एका पॉप्लरच्या सालीवर ताजी पांढरी चीर दिसली, माझ्या डोक्याच्या उंचीवर. हरणाची पाठ माझ्या कमरेला लागते. बेव हसून हसून मेली असती.

डुएन टेकाडावरून खाली येताना दिसला.

"एकच बार ऐकला," तो म्हणाला. "पडला?"

"नाही."

"रक्त?"

"थेंबही नाही. वरून गेली." मी पॉप्लर दाखवला.

डुएननं ती चीर पाहिली आणि मग माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे म्हणजे भगव्या जाकिटाच्या उघड्या चेनमधून दिसणाऱ्या चौकड्यांकडे. "रूडी," तो हळू म्हणाला, "सांग की कोल्हा होता. कोल्ह्यावर मारली म्हण. मी पाहिला म्हणेन मी."

"नर होता. आठ टोकांचा."

"तुला कळत नाहीये. कात्री काढतील ते. तिच्या शर्टाला."

हे माझ्या खरंच डोक्यात आलं नव्हतं. मी तिथेच बर्फात उभा राहिलो. नेम चुकल्याची लाज होती, पण ती वेगळी. हा शर्ट माझ्याकडे एकच होता.

"माझी जागा जावी असं तुला वाटत नाही का?" मी त्याला विचारलं.

"मला भांडण नकोय," तो म्हणाला. "तिला होती हौस. मला नाही."

दुपारी खोपीत चूल लाल झाली होती. गॉर्डीनं मटणाचं सूप केलं होतं आणि कुणाच्या तरी बायकोनं पाठवलेल्या पेस्टी, म्हणजे मटण-बटाटा भरलेल्या मोठ्या करंज्या, तव्यावर गरम होत होत्या. किप आधीच आलेला. त्याच्या गरम जाकिटाची बॅटरी मध्येच संपली होती आणि तो चुलीला मिठी मारायच्या बेतात होता.

"बार तुझा होता ना?" गॉर्डीनं विचारलं.

डुएन माझ्याकडे बघत होता.

"माझाच," मी म्हणालो. "आठ टोकांचा नर. सरळ समोर, आडवा उभा. चुकलो. पाठीवरून गेली."

 मग किप म्हणाला, "आडवा उभा आणि चुकलास? त्यानं काय पाटी लावायची होती गळ्यात?" सगळे हसले. मीही हसलो. बरं वाटलं, कारण असं ते एकमेकांना हसतात. पण गॉर्डी हसला नाही. तो उठला, त्यानं माझ्यासाठी वाडग्यात सूप ओतलं आणि पुढे ठेवलं.

"जेव," तो म्हणाला. "होतं असं पहिल्यांदा. कात्रीबित्री काही नको. शर्ट तिचा आहे, दिसतोय मला. आम्ही काही राक्षस नाही."

किपनं लगेच मान हलवली. "नाही नाही, अजिबात नको. बरोबर आहे."

सूप गरम होतं. मला भूक लागली होती. आणि खरं सांगायचं तर माझ्या छातीवरचा दगड उतरला होता, शर्ट वाचला म्हणून. मी चमचा उचलला. मग गॉर्डीनं माझ्या पाठीवर थाप मारली.

मी चमचा खाली ठेवला.

"कात्री कुठाय?" मी विचारलं.

"रूडी, सांगितलं ना—"

"पाहुण्याला सांगितलंस. मी पूर्ण परवाना काढून, एकटा, माझ्या जागेवर बसलो होतो. नर दिसला, मी गोळी मारली, चुकलो. आता काप."

"अरे वेड्या, तो शर्ट—"

"शर्ट माझ्या अंगावर आहे. कुणाचा ते विचारायचा नियम तुझ्या बापानं केला होता का?"

कोपऱ्यात कुणीतरी फुसकन हसलं आणि गप्प झालं. कात्री भिंतीवर खिळ्याला असते. मी उठलो, ती काढली आणि दांड्याकडून गॉर्डीसमोर धरली. त्यानं घेतली नाही.

"हवं तर तू काप," तो म्हणाला. "तिनं तेच केलं होतं."

"म्हणूनच नाही कापणार. तिनं आपली कापली आणि ती मरेपर्यंत तू मनात धरून बसलास की ती शेपटी मोजायची नाही. कॅम्पानं नाही कापली म्हणालास. ठीक आहे. कॅम्प तू आहेस. तू काप, तुझ्या हातानं. नाहीतर या सगळ्यांसमोर सांग की मी चुकलो नाही."

गॉर्डी मोठा माणूस आहे, पण तेव्हा मला तो म्हातारा दिसला. त्यानं डुएनकडे पाहिलं. डुएन भांडणाला घाबरणारा माणूस. त्यानं घसा साफ केला.

"चुकला तो," डुएन म्हणाला. "मी झाड पाहिलंय. इतकं उंच चुकलेलं मी आजवर पाहिलं नाही."

गॉर्डीनं कात्री घेतली. मी भगवं जाकीट काढलं आणि पाठ वळवली, रीतीप्रमाणे. तो मागून म्हणाला, "अरे, इथे काय कापू? इथे काहीच नाही."

"मागची तिची," मी म्हणालो आणि परत वळलो. "पुढची आहे."

मी शर्ट पँटमधून बाहेर ओढला. कात्री बोथट होती. लोकर जाड आहे, एका दमात कापली जात नाही. प्रत्येक वेळी पाती मिटली की आवाज व्हायचा. मी खाली बघितलं नाही. समोरच्या भिंतीवर तिचा वाकडा तुकडा होता, तिकडे बघत राहिलो. शेवटचा धागा त्याला हातानं तोडावा लागला.

"कुठे लावू?" त्यानं विचारलं.

"तिच्या शेजारी. सरळ लाव."

त्यानं सरळ लावला. तिचा तुकडा धुरानं काळवंडला होता तरी चौकड्या गडद होत्या. माझा दर वर्षी धुऊन धुऊन फिका पडलेला. ज्याला माहीत नसेल त्याला वाटलं नसतं की एकाच शर्टाचे आहेत. किपनं पेन्सिल शोधून दिली. गॉर्डीनं माझं नाव आणि साल लिहिलं. मग थोडा थांबला आणि तिच्या तुकड्याखालचं नावही गिरवलं, कारण ते पुसट झालं होतं. मी त्याला तसं सांगितलं नव्हतं.

"उद्या ओढ्यावर कोण?" त्यानं पाठ न वळवता विचारलं. पहिल्या दिवशी जेवताना हे विचारायची पद्धत आहे. प्रत्येक जागेचं नाव घ्यायचं आणि माणसानं हो म्हणायचं.

"मी," मी म्हणालो.

 किप पेस्टी खात होता, त्यानं खाणं थांबवलं नाही.

मी बसलो. सूप गार झालं होतं, ते तसंच प्यालो. पोटाला गार लागत होतं, जिथे शर्ट होता तिथे आता नुसती बनियन होती. हात तिकडे आपोआप जात होता, मग मी तो टेबलावर ठेवला.

जेवणं झाल्यावर गॉर्डीनं भांड्यांचा सगळा ढीग माझ्यासमोर आणून आदळला.

"नवा सभासद भांडी घासतो," तो म्हणाला. "अख्खा हंगाम."

"मार्लिसनं घासली होती?"

"घासली. मला शिव्या देत देत."

"तिच्या शिव्या आठवतात का तुला?"

"एकूण एक."

"मग ऐक," मी म्हणालो आणि बाह्या वर केल्या. "मी कुठे चुकलो तर सांग."